आजोबांच्या रकान्यात शेती

कामरगाव, ता. कारंजा
१८ जून २०२३

प्रसेनजित,

जयभीम. इकडची खुशाली मागून सांगते, आधी तुझं काम. तू मागितलेले साठच्या साठ फॉर्म या पाकिटात आहेत. सही नाहीतर अंगठा असलेला मूळ कागदच पाहिजे, फोटो चालत नाही, असं तुमच्या विद्यापीठाचं म्हणणं. म्हणून उद्या कारंज्याच्या पोस्टात जाऊन टाकते. तिथला बाबू नॉर्वे वाचून 'हे कोणत्या राज्यात आलं' असं विचारणार, ही तयारी ठेवूनच जाते.

तीस फॉर्म वरच्या आळीतल्या शेतमालकांचे, तीस आपल्या वस्तीतले. तू सांगितलंस तसंच विचारलं. आजोबा काय करायचे, वडील काय करायचे, तुम्ही काय करता. मग ती दहा पायऱ्यांची शिडी, तिच्यावर तिघांनाही एकेका पायरीवर उभं करायचं. प्रत्येक घरी पहिला प्रश्न एकच. "हे घरकुलाचं हाय काय वं मंजू?" नाही म्हटलं की निम्म्यांचा उत्साह गेला. हरीओमच्या आईने, प्रयागबाईंनी, चहा पाजला आणि तुझं लग्न कधी म्हणून मलाच धारेवर धरलं. हरीओमचं कृषी केंद्र जोरात आहे. "प्रसेनजितले सांगजो, इकडं आला का पहिले माह्या दुकानात याचं," असा त्याचा निरोप.

बाबांनी स्वतःचा फॉर्म स्वतः भरला. शाई पेनने. नावाखाली पट्टी ठेवून रेघ मारली. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी शाळा सुटली नाही हातातून. भेटेल त्याला सांगतात, "आमचा प्रसेनजित तीन देशांची तुलना करून राह्यला. नॉर्वे, ब्राझील अन् कामरगाव." मी म्हटलं, बाबा, कामरगाव देश नाही. तर म्हणाले, "तुले काय समजते."

अंगणवाडीत रजिस्टरं भरून भरून माझा हात बसला आहे, त्यामुळे चुका सापडायच्या नाहीत. लोकांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. शंका घेत बसू नकोस.

बाबांचा गुडघा दुखतो, बाकी बरे आहेत. मीही बरी.

तुझी ताई,
मंजुषा


कामरगाव
६ ऑगस्ट २०२३

प्रसेनजित,

फोनवर तू माझ्यावर ओरडलास, त्याचा राग नाही. खोटं मीच लिहिलं, मग ओरडशील नाहीतर काय करशील. पण फोनवर मला बोलता येत नाही. तू तिकडे कीबोर्ड बडवत 'हं, बोल ताई' म्हणतोस आणि माझं निम्मं विसरून जातं. म्हणून लिहिते.

तुझा कॉम्प्युटर म्हणतो की आपली वस्ती तीन पिढ्यांत खाली घसरली. आजोबा सगळे शेतकरी, वडील मजूर, पोरं पुण्याला ड्रायव्हर. तू विचारलंस, "ताई, तीस घरांना शेती होती तर ती गेली कुठे?"

कुठे जाणार? नव्हतीच.

आपली माणसं छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आली आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांची बैठक बसली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, गावची भाकर आणायची नाही, हे ठरलं. हे तुला ठाऊक आहे, पुस्तकातही आहे. पण अजून एक ठरलं होतं, ते तुला कुणी सांगितलं नाही, कारण न सांगणं हेच ठरलं होतं. त्या कामाचं नाव पोरांपुढे काढायचं नाही. नाव घेतलं की काम मागे येतं, असं कुणीतरी म्हणालं म्हणे. तेव्हापासून वस्तीतल्या शाळेच्या दाखल्यापासून जनगणनेच्या कागदापर्यंत सगळ्यांचे आजे शेतकरी.

मी सुंदरबाईकडे फॉर्म घेऊन गेले. ऐंशी वर्षांची बाई. म्हणाली, "लिह्य, शेती." मी विचारलं, "कोनाची?" तर म्हणाली, "कोनाची बी लिह्य. पन शेतीच लिह्य." मी लिहिलं. मी त्या वस्तीचीच पोर, काय करणार होते? बाबांनी तर पट्टी ठेवून लिहिलं.

आता एकदाच लिहिते आणि पुन्हा लिहिणार नाही. उकंडा आजोबा नानाजींच्या घरची आणि वरच्या आळीतल्या अजून चार घरची मेलेली जनावरं ओढून नेत. नानाजी म्हणजे हरीओमचे आजोबा, तेच. त्याबद्दल खळ्यावर धान्य मिळे. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी आजोबांनी नानाजींच्या वडिलांना जाऊन सांगितलं की आजपासून नाही. त्या सालापासून खळ्यावरचं धान्य बंद. कामावर कुणी बोलवेना. सगळं घर पायी आसेगावकडे मजुरीला गेलं आणि बाबांची धाकटी बहीण त्या वर्षी गेली. अन्न नव्हतं. बाबा सात वर्षांचे होते. हे मला मायनं मरायच्या आधी सांगितलं. बाबांनी कधीच नाही.

तू म्हणतोस, नॉर्वेत गरिबाचं पोर दोन-तीन पिढ्यांत मधल्या पायरीवर येतं आणि आपल्याकडे सात लागतात. मग तुझ्या शिडीवर आजोबांना कुठे ठेवशील? त्या वर्षी ते खाली गेले, हे खरंच आहे. तुझा कॉम्प्युटर अगदीच चुकत नाही.

हे सगळं तुझ्या अभ्यासात घे, नको म्हणत नाही. खोट्यावर खोटं कशाला. पण आजोबांचं नाव, बाबांचं नाव, गावाचं नाव कुठे यायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती बाबांनी सदुसष्ट वर्षं झाकून ठेवली आहे. ते आहेत तोवर तरी उघडू नकोस. फोनवर तू 'हो ताई' म्हणशीलच, म्हणून कागदावर मागते.

तुझी ताई,
मंजुषा


कामरगाव
२१ नोव्हेंबर २०२३

प्रसेनजित,

अठरा दिवसांत तुझे बावीस फोन आले आणि मी एकही उचलला नाही. बाबा तर फोनकडे बघतसुद्धा नाहीत. काय झालं ते तुला हरीओमकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं असेल. सगळं एकदा माझ्याकडून ऐक.

तू तिकडे आजोबांचं नाव घेऊन इंग्रजीत भाषण केलंस, ते हरीओमला मोबाइलवर सापडलं. तो तुझा मित्र, त्याची छाती फुगली. इंग्रजी गावाला कळणार नाही म्हणून त्याने खाली मराठीत लिहून गावच्या ग्रुपवर टाकलं. 'आजोबा उकंडाजी मेलेली ढोरं ओढत होते, नातू नॉर्वेत प्रोफेसर. कामरगावची शान.' पुढे हात जोडलेले. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी तुला लिहून देते. मी ते रात्रीच वाचलं. बाबांच्या मोबाइलमध्ये ग्रुप नाही, म्हणून गप्प बसले. सांगायला पाहिजे होतं.

सकाळी हरीओम पेढे घेऊन आला. "गुरुजी, प्रसेनजितचं भाषण लय गाजून राह्यलं. माह्या आजोबाले पूर्ण वाचून दाखवलं म्या." बाबांनी विचारलं, "काय बोलला?" तो म्हणाला, "तुमच्या घराचं नाव काढलं, गुरुजी." मी चहा करायला आत गेले. मी आत का गेले, हे माझं मला ठाऊक आहे.

दुपारी नानाजींचा गडी धरमसिंग दारात आला. "गुरुजी, नानाजीनं बोलावलं." एवढंच. बाबांना वाटलं, म्हाताऱ्याने भाषण ऐकलं, कौतुक करायला बोलावलं असेल. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. खिशाला पेन लावला. मला म्हणाले, "नव्वदीचा मानूस हाय, पन याद ठेवली पाय." आणि काठी न घेता निघाले. मी मागून काठी घेऊन गेले, म्हणून हे सगळं पाहिलं.

नानाजी ओसरीत बाजेवर पडलेले. अंगणात त्यांचा बैल मरून पडला होता. जेसीबी कारंज्याला गेलेला, सगळे त्याची वाट बघत होते. बाबांना पाहून म्हातारा उठून बसला. चेहरा उजळला त्याचा, खोटं नाही सांगत.

"देवमन? उकंड्याचा देवमन ना तू? ये बापा, ये. बैल मेला पाय ना. दोर आनला काय?"

बाबा जागच्या जागी थांबले. मग सावकाश म्हणाले, "नानाजी, मी मास्तर आहो. तुमच्या हरीओमले बाराखडी म्या शिकवली."

"हाव, हाव," नानाजी म्हणाले. "पन दोर आनला काय?"

हरीओम आतून धावत आला आणि बाबांच्या पायावर पडला. "गुरुजी, माफ करा. त्याहिले आता कायी समजत नाही. सकायचं संध्याकाळी याद राहत नाही." प्रयागबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या. अंगणातली माणसं खाली बघत होती. त्यातली निम्मी बाबांचे विद्यार्थी. बाबांनी हरीओमला उठवलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "प्रसेनजितनं काय सांगतलं भाषणात? वाचून दाखव." हरीओम वाचेना. बाबांनी मोबाइल घेतला, चष्मा लावला आणि बैलाशेजारी उभं राहून सगळं वाचलं.

येताना त्यांनी काठी घेतली. घरी आल्यावर शर्ट काढून घडी घातला. तेव्हापासून ते विहारात वाचनाला गेलेले नाहीत, एसटी स्टँडवर पेपर आणायलाही नाहीत. तुझं नाव निघालं की भिंतीकडे तोंड करतात.

मी मागितलं होतं, प्रसेनजित. कागदावर मागितलं होतं. तुला सांगणारी मीच, म्हणून तुझ्यावर नीट रागावताही येत नाही.

मंजुषाताई


कामरगाव
११ फेब्रुवारी २०२४

प्रसेनजित,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. भाषण काढून टाकलंस, ठीक केलंस. पण पाच पानांतली चार पानं तू अजून भाषणच देतो आहेस. कामात लाज कसली, ही लाजच मोडायला पाहिजे, म्हणून तुझ्याबरोबरच्या त्या बाईचं उदाहरण दिलंस. तिचे आजोबा बंदरावर मासे साफ करायचे, ती व्यासपीठावर ते हसत हसत सांगते आणि लोक टाळ्या वाजवतात.

वाजवू देत. छानच आहे. पण मला एवढं सांग, त्या बाईचे वडील म्हातारे झाल्यावर कुणी त्यांना बोलावून विचारलं का, की मासे साफ करायची सुरी आणली काय? विचारलं असतं तर तिथले लोक त्याला वेड लागलं म्हणाले असते. इथे नानाजींना खरंच वेड लागलंय, तरी अंगणातल्या एकालाही त्यांचं बोलणं समजावून सांगावं लागलं नाही. सगळ्यांना कळलं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण देशोदेशी आजोबा सारखे नसतात. तू तीन देश फिरून अभ्यास केलास, हे तुला दिसायला पाहिजे होतं.

आणि अजून एक. दिव्याखाली अंधार कसा असतो बघ. तुझ्या फॉर्मात आजोबा, वडील आणि मुलगा. मुलीला रकानाच नाही. साठ घरांत फिरले आणि माझ्याही ते लक्षात आलं नाही. एकाच आईबापाची दोन लेकरं. बारावीला केंद्रात पहिली मी आले होते. डी.एड.ला जायचं म्हटलं तर बाबा म्हणाले, "आधी प्रसेनजितचं होऊ दे." तुला अमरावतीच्या वसतिगृहात पाठवलं आणि मला लग्नात. बाबा तुला ओसरीत गणित शिकवायचे तेव्हा मी आत भाकरी थापत मनातल्या मनात उत्तर काढायचे. बहुतेक वेळा तुझ्या आधी. नवरा गेल्यावर नऊ वर्षांपूर्वी इथे परत आले, तेव्हाही या घरात रोज तुझ्याच फोनची वाट बघितली जायची. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. म्हणजे लिहिते आहे, तक्रारच आहे.

बाबांचं विचारतोस. ते आता जरा बरे आहेत. पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बस म्हणून माझ्या मागे लागलेत. सेविकांना ती देता येते. मी अंगणवाडीतून आले की रोज दुपारी चारला ओसरीत शिकवणी. त्रैराशिक, टक्केवारी, सगळं. चुकलं की डोळे वटारतात. "येवढी हुशार पोरगी, मले कसं दिसलं नाही," असं परवा स्वतःशीच म्हणाले. बेचाळिसाव्या वर्षी मला गुरुजी मिळाले.

तुझ्याशी बोलता का, असं मागच्या रविवारी त्यांना विचारलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. आता मी पुन्हा पुन्हा विचारत नाही. घाई करू नकोस.

तुझी ताई,
मंजुषा


कामरगाव
३१ मार्च २०२४

प्रसेनजित,

तुला विमान मिळालं नाही, त्याला तू काय करणार. तू फोनवर सगळं पाहिलंस. हरीओमने तो एवढा वेळ हात वर करून धरला होता. वरच्या आळीतलीही माणसं आली. खांदा द्यायला हरीओम पुढे झाला तेव्हा वस्तीतल्या काही पोरांनी हरकत घेतली, पण मी म्हटलं, देऊ द्या, तो त्यांचा विद्यार्थी आहे. काल पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला.

बावीस तारखेला, शुक्रवारी रात्री बाबा जेवून झोपले आणि शनिवारी सकाळी उठले नाहीत. त्रास झाला नाही.

तू एकच विचारलंस. बाबांनी शेवटी तुझं नाव काढलं का? नाही काढलं. तू विचारलंस म्हणून लिहिते.

मंजुषा


कामरगाव
१२ मे २०२४

प्रसेनजित,

तुझं पत्र परवा मिळालं. दीडच पान. बाबांनी तुला माफ केलं नाही हे तू मान्य केलंस, आता कोणत्या तोंडाने गावात येऊ म्हणतोस, घर ताईच्या नावाने करून घे म्हणतोस. खाली सही करून वेगळा कागदही जोडला आहेस. तो कागद दोन दिवस माझ्यासमोर पडून आहे.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं.

त्या शुक्रवारी चार वाजता आमची शिकवणी चालू होती. अंगणवाडीतल्या कुपोषित मुलांच्या टक्केवारीचं गणित. बाबा मध्येच थांबले आणि म्हणाले, "मंजू, प्रसेनजितले फोन लाव. त्याले एक सांगाचं हाय."

मी विचारलं, "काय सांगाचं?"

म्हणाले, "त्यानं आज्याचं काम सांगतलं. सांगतलं तर सांगतलं. पन आज्यानं थे सोडलं, हे सांगाचं राह्यलं ना. उपाशी राह्यला, पोरगी गेली, पन सोडलं. पुढच्या टायमाले थे बी सांग म्हना. अन् त्याले म्हना, ये एकदा. आंगावर हाडंच राह्यली असतील पोट्ट्याच्या."

नोव्हेंबरपासून मी या शब्दांची वाट बघत होते. तुझ्यासाठी मीच डोळ्यांत पाणी आणून बाबांची विनवणी केली होती. आणि ते बोलले तेव्हा वाटलं, झालं, संपलं. आता पुन्हा रोज चार वाजता तुझा फोन, तुझं नॉर्वे, तुझी पुस्तकं. मी आत भाकरी थापायला.

मी म्हटलं, "हे गणित होऊ द्या, मग लावते."

गणित झालं. त्यांनी तपासलं, बरोबरची खूण केली, शाब्बास म्हणाले. मग विचारलं, "लावला काय?"

मी म्हटलं, "लागून नाही राह्यला, बाबा. रेंज नाही."

"बरं," ते म्हणाले. "उद्या लावू."

फोन माझ्या मांडीवर होता. रेंज होती. तिकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले असतील, तू लगेच उचलला असतास.

मेल्यानंतर तरी खरं सांगायचं, तर तेही जमलं नाही. तू तिकडे रडत होतास आणि मला वाटलं, एवढी एक गोष्ट माझ्याकडे राहू दे. तीन महिने बाबा फक्त माझे होते, प्रसेनजित. तुला बाबा कायमच होते, म्हणून ते काय असतं हे तुला कळायचं नाही. पण त्यांचा निरोप माझा नव्हता. तो तुझा होता आणि मी पन्नास दिवस दाबून ठेवला.

परीक्षेला मी बसले नाही. केंद्रापर्यंत गेले आणि परत आले.

तुझा सहीचा कागद परत पाठवते आहे. ज्या घरात बाबांनी तुलाही बोलावलं आहे, त्यावर माझं एकटीचं नाव लागत नाही. तू ये. हरीओमकडे उतर हवं तर, माझ्याशी बोललं नाहीस तरी चालेल. तुला कळायला हवं होतं ते एवढंच की त्यांच्या मनात काही उरलं नव्हतं, आणि त्यांनी तुला बोलावलं होतं.

खाली ताई लिहावं की नाही, ते तू ठरव. मी आज लिहीत नाही.

मंजुषा